चौकोनी डोकं, गोल टेबलं

४ फेब्रुवारी, बुधवार

बायकोने ही वही आणून दिली. म्हणाली, "डोक्यात जे चाललंय ते इथे लिहा, माझं डोकं नका खाऊ." रोज दोन ओळी लिहिल्या की मेंदूला गंज चढत नाही, असं तिने कुठेतरी वाचलंय. तिचं केस कापायचं सलून आहे. गिऱ्हाइकं तिच्या खुर्चीत बसून मासिकं वाचतात आणि त्यातलं सगळं ज्ञान संध्याकाळी आमच्या घरी येतं.

तर लिहितो. मी साठ वर्षांचा आहे आणि मिसरूड फुटलं तेव्हापासून एकाच हॉटेलात वेटर आहे. आता मुख्य वेटर. आमच्याकडे एक रीत आहे, वेटर ऑर्डर लिहून घेत नाही. हात मागे, मान जराशी पुढे, टेबलभराचं ऐकायचं आणि तडक भटारखान्याच्या खिडकीशी जाऊन सांगायचं. मोठ्या मालकांनी घालून दिलेली रीत. लिहिणारा कागदाकडे बघतो, आपण माणसाकडे बघावं, असं ते म्हणत. ते गेले. आता त्यांचा मुलगा, छोटा मालक, हॉटेल बघतो. तो लहानपणी माझ्या खांद्यावर बसून भटारखान्यात यायचा, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरे करतो आणि तो मला काका म्हणतो. बाकीचे दोन वेटर हल्ली तळहातावर पेनाने लिहितात. मी बघितलं नाही असं दाखवतो.

आणि आज मी स्वतःच माती खाल्ली. चौघांचं टेबल. मासा मागणाऱ्याला ऑम्लेट, ऑम्लेटवाल्याला सूप, आणि सूपवाल्या बाई रिकाम्या टेबलाकडे बघत बसल्या. असं गेल्या महिन्यापासून होतंय. गेल्या महिन्यात हॉटेलचं रूप पालटलं. भिंतींना नवा रंग, नवे दिवे, नवी गोल टेबलं. हॉटेल तरुण झालं आणि त्याच आठवड्यात मी म्हातारा झालो.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा घोटाळा. सहा जणांत तीन ताटं चुकली. भटारखान्यातला आमचा आचारी भोंगा (नाव वेगळं आहे, पण त्याचा आवाज ऐकलेला माणूस दुसरं नाव घेणार नाही) खिडकीतून ओरडला, "अरे, झोपेत ऑर्डर घेतोस का?" सगळ्या हॉटेलाने ऐकलं.

मला भीती कसली वाटते ते लिहितो, कारण बायकोला सांगितलं तर ती डॉक्टर गाठेल. तो एक आजार असतो ना, ज्यात जुनं सगळं आठवतं आणि ताजं पुसलं जातं, तो लागला असं वाटतंय. जुनं तर मला लख्ख आठवतं. खिडकीजवळचं जुनं टेबल घ्या. खिडकीकडच्या कोपऱ्यात मासा, लिंबू नको. समोर मशरूम, मीठ कमी. वाटेकडच्या बाजूला भाजलेली कोंबडी, तिच्यासमोर सूप आणि दोन पाव. हे टेबल मी किती वर्षांपूर्वी वाढलं असेन. आणि आज दुपारचं विचाराल तर सगळी ताटं घसरून एकमेकांत मिसळलेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

डोकं ताळ्यावर आणायचे उपाय चालू. सकाळी मूठभर अक्रोड. फोनवर एक खेळ, त्यात रंगीत ठोकळे दिसतात आणि नाहीसे होतात. चुकलो की तो फोन "छान प्रयत्न" म्हणतो, त्याने माझं डोकं आणखी फिरतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बायकोबरोबर पत्त्यांच्या जोड्या. पत्ते पालथे मांडायचे आणि आठवून जोड्या लावायच्या. तिला मी रोज धूळ चारतो. आज तिला दोनच जोड्या मिळाल्या.

"मग हॉटेलात कुठे घोडं पेंड खातं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पत्ते जागेवर पडून राहतात, माणसं वळवळतात. ती पत्ते गोळा करत राहिली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बाजारात एक बाई समोर येऊन हसल्या. मी कोराच. बायकोने कोपर मारलं, तरी नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी नाही का, घड्याळाखाली बसते." तेव्हा उजेड पडला. बटाट्याचं सूप, मिरी जास्त, नंतर काळी कॉफी. त्यांना मी हे तिथल्या तिथे म्हणून दाखवलं आणि त्या खूश झाल्या.

घरी येताना बायको म्हणाली, "दर आठवड्याला येणारी बाई तुम्हाला ओळखता आली नाही. लोक तुम्हाला शिष्ट म्हणतात, ते उगीच नाही."

"सूप तर आठवलं ना?"

"सूप आठवलं," ती म्हणाली आणि वाटभर माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिली. या बायकांना काही केल्या समाधान नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार



दुपारी पाच जणांचं टेबल. त्यातल्या एका मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, अक्रोड चालत नाही, घसा सुजतो. मी मान हलवली होती, खिडकीशी जाऊन 'मुलीला बिनअक्रोडाचं' असं सांगितलंही होतं. आणि अक्रोडाची चटणी घातलेलं ताट मी तिच्यासमोर ठेवलं. तिने काटा उचलला तेव्हा भोंगा खिडकीतून असा काही ओरडला की तिच्या हातातून काटा पडला. बिनअक्रोडाचं ताट माझ्या दुसऱ्या हातात होतं. ते मी शेजारच्या माणसाला देत होतो.

तिला काही झालं नाही. पण तिच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला विसरता यायची नाही. रोज सकाळी अक्रोड खातो आणि विसरायला मला अक्रोडच सापडले.

छोट्या मालकाने मला मागच्या खोलीत नेलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो आधी खुर्ची सरकवून मला बसवत होता, मग पाणी देत होता, मग स्वतःच पीत होता. म्हणाला, "काका, ताटं चुकली तर लोक हसतात. यात कुणाचा जीव जाईल." पहिल्या एप्रिलपासून सगळ्या वेटरांना ऑर्डर घ्यायला टॅब. प्रत्येक खुर्चीला नंबर, नंबरापुढे पदार्थ. आणि मी दाराशी उभा राहून लोकांचं स्वागत करायचं.

"म्हणजे बाहुलं," मी म्हटलं.

त्याने ग्लास पुन्हा भरला. मग मीच म्हटलं, मार्च अखेरीस एका समूहगान मंडळाचं जेवण आहे, तीसेक माणसं, ते मला डोक्यात घेऊ दे. चुकलं तर पहिल्या तारखेपासून मी दाराशी उभा राहीन आणि हसेनसुद्धा. शेवटी तो बरं म्हणाला. त्याने मेंदूच्या डॉक्टरबाईंची वेळही घेऊन ठेवली आहे. मला न विचारता. हे मला आवडलेलं नाही.

७ मार्च, शनिवार

जिंकलो.

नव्या टेबलांचे पाय डुगडुगत होते, ती सुताराकडे गेली आणि दोन दिवसांसाठी कोठीतली जुनी टेबलं बाहेर काढली. काल आणि आज हॉटेल खच्चून भरलेलं, आणि माझी एक चूक नाही. एक म्हणजे एक नाही. आठ जणांचं टेबल, त्यात तिघांच्या सूपमध्ये तीन तऱ्हा, आणि मी ताटं अशी मांडली की जणू ती तिथेच उगवली होती. भोंग्याने खिडकीतून सलाम ठोकला. छोटा मालक गल्ल्यापाशी उभा राहून बघत होता, मग उगाचच चष्मा पुसायला लागला.

अक्रोड लागू पडले. वेळ लागतो म्हणतात, तसा लागला. बायकोला सांगितलं, आता दुप्पट आण.

१० मार्च, मंगळवार

आज हॉटेल बंद, म्हणून बरं. रविवारी सकाळी सुताराने गोल टेबलं परत आणली आणि दोन दिवस मी गोते खाल्ले. अक्रोडांचा डबा आत्ता खिडकीबाहेर पालथा केला. खारींची मजा झाली.

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाई तरुण आहेत आणि हळू बोलतात. त्यांनी शब्द पाठ करायला लावले, चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मेंदूला काही झालेलं नाही. माझी तर इच्छा आहे की माझाही साठीत असा असावा."

आनंद व्हायला हवा होता. पण मेंदू चांगला असेल तर दोष माझा स्वतःचा, हे त्याहून वाईट. मी त्यांना विचारलं, मग चुका का होतात? त्या म्हणाल्या, "आठवण नुसती ठेवता येत नाही, ती कशावर तरी अडकवावी लागते. कोट जसा खुंटीला. तुमची खुंटी कोणती ते तुम्हालाच बघावं लागेल. ऑर्डर आठवताना डोळ्यांपुढे काय येतं?"

मी म्हटलं, ताटं येतात. टेबलावरून घसरताना.

त्यांनी ते लिहून घेतलं. मी फी भरून बाहेर आलो. चांगल्या आहेत, पण हॉटेलातलं त्यांना काय कळणार?

१४ मार्च, शनिवार

बायको आज हॉटेलात जेवायला आली. तिच्या दोन मैत्रिणी आणि माझा एक मेहुणा असा गोतावळा घेऊन, न सांगता. मी शिस्तीत ऑर्डर घेतली, आत गेलो, ताटं घेऊन आलो आणि टेबलाभोवती फिरलो. अर्धा फेरा झाला, पूर्ण झाला, तरी पहिलं ताट कुठे ठेवायचं ते कळेना. चौघंही माझ्या ओळखीचीच माणसं. शेवटी अंदाजाने ठेवली. मेहुण्याने मुकाट्याने दुसऱ्याचा मासा खाल्ला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "टेबलाभोवती काय शोधत होता?"

"काही नाही."

"कोपरा शोधत होता. मी बघत होते ना. एकदाही आमच्या तोंडाकडे बघितलं नाहीत. ताट हातात धरून टेबलाच्या कडेकडे बघत होता. अहो, कोपराच नाही त्याला."



सगळा जन्म मी ऑर्डर टेबलाच्या कोपऱ्यांवर ठेवत आलो. खिडकीकडचा कोपरा, वाटेकडचा कोपरा, त्यांच्या मधल्या जागा. मला वाटायचं मी माणसं लक्षात ठेवतो. मी लाकूड लक्षात ठेवत होतो. सुताराने टेबलं नेली ते दोन दिवसही आत्ता कळले, आणि बिचारे अक्रोडही.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. बायकोने पदराने माझं तोंड पुसलं. वेडा झालो नाहीये मी.

१५ मार्च, रविवार

छोट्या मालकाला सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मग चौकोनी टेबलं परत आणू." हौसेने, पैसे ओतून आणलेली टेबलं तो माझ्यासाठी विकायला निघाला. मी नाही म्हटलं. माझं डोकं चौकोनी आहे म्हणून हॉटेलाने का चौकोनी व्हायचं? दोन आठवडे आहेत. नवी खुंटी शोधतो.

१७ मार्च, मंगळवार

सुट्टी, पण हजेरी बायकोच्या सलूनात. तीच म्हणाली, "चेहरा कसा बघायचा ते मला विचारा. दिवसभर दुसरं काय करते मी?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आरशातून बघायचं. ती कात्री चालवता चालवता मला हळूच सांगते. कपडे बघू नका, ते उद्या बदलतील. केसही बघू नका, ते मी आत्ता बदलणार आहे. कान बघा, दोन माणसांचे कान सारखे नसतात. भुवया कुठे तुटतात बघा. हसताना तोंडाची कुठली बाजू आधी हलते बघा.

आणि बघितलं की त्यावर पदार्थ ठेवायचा. एका गृहस्थांच्या पसरट कानांवर मी दोन ऑम्लेटं ठेवली. एका बाईंच्या जाड भुवयांवर मासा आडवा ठेवला. मग एका टकलावर उकडलेलं अंडं ठेवलं आणि मला फस्सकन हसू फुटलं. गिऱ्हाईक दचकलं. बायकोने डोळे वटारले आणि मला दाराबाहेर काढलं.

२२ मार्च, रविवार

हळूहळू जमतंय. काल चौघांत एक चुकलं, आज सहांत एक. जुनी खोड मधेच डोकं वर काढते, नजर आपोआप टेबलाच्या कडेला जाते. मग स्वतःला म्हणतो, वर बघ.

एक मात्र झालंय, त्याबद्दल लिहायला लाज वाटते. घड्याळाखालच्या बाई आज आल्या. त्यांना गालावर खळी आहे. एकाच बाजूला, आणि ती त्या सूपचा पहिला घोट घेतल्यावर पडते. इतकी वर्षं त्या माझ्यासमोर जेवल्या आणि मी एवढं बघितलं नव्हतं. निघताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. आपण होऊन.

२९ मार्च, रविवार

 गाणारी मंडळी कार्यक्रम आटोपून दुपारी आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीसच्या तीस जण एकसारखे. पांढरा सदरा, काळा कोट, बायकांनाही तोच. वर गाण्यासाठी म्हणून केसही सगळ्यांनी चापून बसवलेले. बायकोने कपडे आणि केस बघू नका म्हटलं नसतं, तर मी तिथेच हात टेकले असते.

हात मागे घेतले आणि सुरुवात केली. एकेकाशी दोन शब्द जास्त बोललो, म्हणजे बघायला वेळ मिळतो. मासा, मासा, मशरूम, कोंबडी, सूप नको, सूप दाट. तिसऱ्या टेबलावर दोघे भाऊ होते, एकाच साच्यातून काढल्यासारखे, नाक तेच, हनुवटी तीच. दोघांनाही मासा हवा. एक म्हणाला, "माझ्या माशावर अक्रोडाची चटणी भरपूर." दुसरा म्हणाला, "मला अक्रोड अजिबात चालत नाही. मागे एकदा दवाखान्यात नेलं होतं."

मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की तो अवघडला. डावी भुवई मध्येच तुटलेली. कानाची पाळी गालाला चिकटलेली. त्या पाळीवर मी बिनचटणीचा, कोरडा मासा टांगला.

छोटा मालक खांबाआड टॅब घेऊन उभा होता आणि खुर्ची नंबरांप्रमाणे सगळं टिपत होता. मला दिसलं. त्याच्या जागी मीही टिपलं असतं.

मी खिडकीशी जाऊन सगळं सांगितलं. भोंगा मला न तोडता ऐकत होता, हे पहिल्यांदाच. मागे वळतो तर त्यांच्या प्रमुख बाई टाळ्या वाजवत उभ्या. "रोज शेजारी उभे राहता, जेवतानाही तेच शेजारी? उठा, सगळ्यांनी जागा बदला." आणि तीस खुर्च्या सरकल्या. हसत, ढकलाढकली करत माणसं एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली. छोट्या मालकाचा चेहरा पांढराफटक. तो माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "काका, आता परत विचारावं लागेल."

"थांब जरा," मी म्हटलं.

पूर्वीचा मी असतो तर तिथेच संपलो असतो. चौकोनी टेबलं असती तरी संपलो असतो. पण आज पहिली ताटं घेऊन बाहेर आलो, मान वर केली, आणि ऑर्डरी माझ्याकडे बघत होत्या. दाट सूप पहिल्या टेबलावरून तिसऱ्यावर जाऊन बसलं होतं आणि मोठमोठ्याने हसत होतं. मशरूम खिडकीजवळच्या टेबलाशी गेलं होतं. मी चालत गेलो आणि ठेवत गेलो. पायसुद्धा हलके झाले होते. साठीत असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी राहिले दोन मासे. भाऊ आता वेगवेगळ्या टेबलांवर. मी कोरडं ताट घेऊन खिडकीकडच्या भावाकडे निघालो. छोट्या मालकाने टॅबवर बघितलं आणि माझी बाही धरली. "काका, नको. अक्रोड नको म्हणणारा सात नंबरच्या खुर्चीवर होता. आता हा तोच कशावरून?"

"खुर्चीला भूक नसते," मी म्हटलं.

तरी थांबलो. इथे चुकायचं नव्हतं. त्या माणसाच्या बाजूला जाऊन नीट बघितलं. तुटकी भुवई. चिकटलेली पाळी. ताट खाली ठेवलं. त्याने वर बघून विचारलं, "बिनअक्रोडाचं ना?"

"हो. तुमच्या भावाच्या ताटात तुमच्या वाटणीचेसुद्धा आहेत."

तो हसला आणि जेवायला लागला. मी तिथून हललो नाही. त्याने तिसरा घास गिळला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तीस ताटं. एकही उचलावं लागलं नाही. प्रमुख बाईंना कुणीतरी रीत सांगितली असावी, कारण निघताना त्या सगळ्यांनी उभं राहून माझ्यासाठी एक गाणं म्हटलं. मी भटारखान्याच्या दारात हात मागे बांधून ऐकलं. भोंग्यानेही सूर लावला, तेवढं सोडलं तर फार सुंदर झालं.

घरी बायकोने दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "कळलं. कान लाल झालेत तुमचे."

१ एप्रिल, बुधवार

टॅब आले. दोघा वेटरांना दिले, ते बिचारे खूश, तळहात स्वच्छ राहतील. तिसरा टॅब छोट्या मालकाने खोक्यातच ठेवला. स्वागताला दाराशी कुणी उभं राहणार नाही, दार आपलं आपण उघडतं, असं त्याने जाहीर केलं.

मग माझ्याजवळ येऊन, जरा लाजत, म्हणाला, "काका, मला शिकवाल? बाबा मागे लागायचे तेव्हा मी टाळलं."

पहिलंच टेबल पाच जणांचं, आई-वडील, दोन मुली, एक आजोबा. मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्याला पाठवलं. मी खिडकीपाशी उभा राहिलो. हात मागे धरून तो ऐकत होता आणि तिथून मला तो हुबेहूब मोठ्या मालकांसारखा दिसला. उभं राहायची तऱ्हा तीच.

तो धावतच आला. "दोन ऑम्लेटं, एक मासा, एक मशरूम आणि..." तोंड उघडं राहिलं. "आजोबांचं गेलं."

मला माहीत होतं. इथून ऐकू आलं होतं. भोंग्यालाही ऐकू आलं होतं, तो सांगायला तोंड उघडणार तोच मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"परत जा," मी म्हटलं. "विचारू नकोस. पाण्याचा ग्लास ने आणि त्यांच्याकडे नीट बघून ये."

तो गेला. ग्लास ठेवला. वाकला आणि आजोबांकडे बघत राहिला, बराच वेळ. आजोबांनीही त्याच्याकडे बघितलं आणि दोघं हसले. परत येताना तो अर्ध्या वाटेवर होता तेव्हाच त्याचा चेहरा उजळला आणि तो तिथूनच, सगळ्या हॉटेलादेखत, भोंग्याहून मोठ्याने ओरडला, "सूप!"